माझ्या नसलेल्या मुलाचं स्थळ

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बाई, म्हणजे मला मध्येमध्ये थांबावं लागणार नाही. माणसाच्या हातून मूर्खपणा होतो, हे मी समजू शकते. पण नियम पाळून, अगदी कडक शिस्तीत केलेला मूर्खपणा कधी पाहिलाय? नाही ना? मग घ्या तो चहा आणि ऐका.

आणि हो, नावं सगळी बदललेली आहेत. जिची ही गोष्ट आहे तिची परवानगी घेतलीय. तीही लेखी! आमच्या धंद्यात तोंडी काही चालत नाही.

तर मी तेव्हा घरासाठी कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या हडपसर शाखेची नवी मॅनेजर झाले होते. सुनंदा गायकवाड, शाखा व्यवस्थापक! टेबलावर नावाची पाटी होती आणि ती मी येता-जाता पदराने पुसत असे. तिकडे खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. काल कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं आज गळ्यात ओळखपत्र अडकवून फ्लॅटसाठी कर्ज मागायला यायची. मांजरीला उसाच्या फडाशेजारी बिल्डरांचे बोर्ड लागले होते. कर्ज मागणाऱ्यांची रांग आणि त्या रांगेच्या टोकाला मी. डोक्यात हवा जायला आणखी काय लागतं?

ती हवा काढायला मुंबईच्या हेड ऑफिसातून एक वकील आले. सगळ्या मॅनेजरांना एका हॉलमध्ये बसवलं. आवाज एवढा मऊ की अंगाई गाताहेत असं वाटावं. म्हणाले, "शाखा व्यवस्थापक म्हणजे कोण? ज्याची सही सगळ्यात शेवटी असते आणि ज्याचं नाव नोटिशीत सगळ्यात आधी असतं."

हॉलमध्ये सगळ्यांनी वह्या उघडल्या.

मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर खरंच राहतो का, शेजारीपाजारी त्याच्याबद्दल काय म्हणतात, हे न पाहता कर्ज दिलं तर मॅनेजर अडकणार. अर्जदाराच्या कर्जाची गोष्ट दुसऱ्या कुणाला कळली, अगदी त्याच्या आईबापांना कळली, तरी मॅनेजर अडकणार. अर्जदाराच्या घरी चहा जरी घेतला तरी उद्या कुणी म्हणेल लाच घेतली, आणि मॅनेजर अडकणार. मी शेजारच्या बाईंना हळूच विचारलं, "पाणी चालतं का हो?" त्या म्हणाल्या, "मी तर बाई घरूनच नेणार."

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मला कुणी घाबरवलं की मी पूर्ण घाबरते, अर्धवट नाही.

त्याच आठवड्यात सुजाता साळवे माझ्यासमोर येऊन बसली. खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारी, सावळी, तरतरीत पोरगी. वडील मार्केट यार्डात हमाल. आई लहानपणीच गेलेली. मांजरीत एक छोटा फ्लॅट घ्यायचा होता तिला, एकटीच्या नावावर. त्या दिवसांत एकटी मुलगी घरासाठी कर्ज मागते म्हणजे आमच्या शाखेतले लोक फायलीतून माना वर काढून बघायचे. कागद मात्र इतके नीट लावून आणलेले की मला चूक काढायला जागाच नाही. तेवढ्यावर मी तिच्यावर खूश झाले.

"एकच रिक्वेस्ट आहे, मॅडम," ती म्हणाली. "कर्ज मंजूर होईपर्यंत घरी काही कळायला नको. बिल्डरला द्यायला जे साठवलंय ना, ती ठेव माझ्या आणि बाबांच्या दोघांच्या नावावर आहे. मोडायला त्यांची सही लागते. आत्ता कळलं तर म्हणतील, आधी लग्न. आणि सगळं मांडवात जाईल. एकदा मंजुरी हातात आली की मीच सांगणार. प्लीज!"

"अगं, काळजीच करू नकोस," मी म्हटलं. "माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर पडणार नाही."

आणि खरंच सांगते, नाही पडलं. तिथेच तर सगळा घोटाळा झाला!

दोन दिवसांनी, सुजाता ऑफिसात असेल अशी वेळ बघून, मी मार्केट यार्डामागच्या त्यांच्या वस्तीत गेले. चौकशी गुपचूप करायची, म्हणून ऑफिसची गाडी नाही, ओळखपत्र नाही, फाइल नाही. साधी साडी, हातात पिशवी, पिशवीत घरचं पाणी. मला तर मी गुप्तहेर असल्यासारखंच वाटत होतं.

वस्तीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. आत केसांपासून भुवयांपर्यंत पांढरी झालेली एक बाई दळण टाकत होती. आजूबाजूला डबे घेऊन बायका उभ्या. मी जवळ जाऊन हळू आवाजात विचारलं, "इथे साळवे राहतात ना?"

"काय?" गिरणीची घरघर चालू.

"साळवे!"

"कोण?"

"सुजाता साळवे!" मी ओरडले आणि नेमकी तेव्हाच तिने गिरणी बंद केली. गुप्त चौकशी बोंब मारून करणारी पुण्यातली मी पहिलीच असेन.

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. गिरणीवाली पदराला हात पुसत पुढे आली. "सुजाताचं काय?"

"काही नाही, सहज. कशी आहे हो मुलगी?"

"कशी म्हंजे?"

"म्हणजे… नोकरी कायमची आहे ना? घरात आणखी कोण कमावतं? कुणाचं देणं-बिणं? स्वभाव कसा? दिलेला शब्द पाळते का?"

आता तुम्हीच सांगा. एक अनोळखी, मध्यमवयीन बाई, नीटनेटकी साडी नेसून येते आणि उपवर मुलीबद्दल हे सगळं विचारते. तुम्ही काय समजाल? मला मात्र तेव्हा फक्त आमच्या तपासणीचे प्रश्न दिसत होते. ते दुसरीकडेही हुबेहूब असेच विचारतात, हे या नियमवेड्या डोक्यात आलंच नाही.

त्या बाईचे डोळे पिठातून असे चमकले! "ताई, आपलं आडनाव?"

"गायकवाड."

"गाव?"

"सासवडच्या बाजूला."

"जय भीम, ताई!"

"जय भीम," मी म्हटलं. खोटं कसं बोलणार?

"मंग आपल्यातल्याच की! आवं, मी सुजाताची सख्खी आत्या. चला, घरी चला! असं रस्त्यावर बोलायचं असतंय व्हय?" आणि एका बाईला म्हणाली, "माझी गिरणी बघ गं जरा. पोरीकडं पाहुणे आलेत."

पाहुणे! हा शब्द कानात शिरला तेव्हा तरी मला उमजायला हवं होतं. पण मी विचार केला, बरं झालं, घर आतून बघायला मिळेल.

साळव्यांची खोली स्वच्छ, लखलखीत. फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती, खाली पुस्तकं आणि पुस्तकांवर प्लास्टिकचं झाकण, कारण वरून गळत होतं. सुजाता त्याच कोपऱ्यात बसून शिकली, असं आत्याने सांगितलं. मी तो कोपरा बराच वेळ बघत राहिले. आत्याने पोहे टाकायला घेतले.

"नको, नको! मी काही घेणार नाही."

"चहा तरी?"

"नाही. नियमात बसत नाही."

"पाणी?"

मी पिशवीतली बाटली काढली आणि प्यायले.

आत्याने गालावर हात ठेवला. "काय पण माणसं! पोरीच्या घरचं पाणीसुद्धा नको म्हणतात. म्हंजे देण्याघेण्याचा तर विषयच न्हाय!"

दारात जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. एकीने तर पदर डोळ्याला लावला. मग मी माझ्या कामाला लागले. "घर भाड्याचं का? किती वर्षं? लाइटबिल बघू शकते का?"

"लाइटबिल?"

"नाव आणि पत्ता बघायचा होता."

आत्या क्षणभर गोंधळली. मग बायकांकडे वळून अभिमानाने म्हणाली, "बघा! लोक पत्रिका बघतात, आणि ह्या लाइटबिल बघतात. ह्याला म्हणायचं सुधारलेली माणसं!"

आता मात्र माझ्या डोक्यात उजेड पडला. पण बोलणार काय? 'मी लग्नाचं बघायला नाही आले' म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग कशाला आलात? आणि त्याचं उत्तर द्यायला मला बंदी!

"मुलगा काय करतो, ताई?"

"त्याबद्दल मला आत्ता काहीच सांगता येणार नाही."

"बरोबर हाय. पहिल्या भेटीत कोण सांगतं! पत्ता तरी द्या."

ऑफिसचा पत्ता दिला असता तर कर्जाचं फुटलं असतं. मग मी काय केलं? माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात हुशारीचं काम केलं. घरचा पत्ता दिला.

दुसऱ्या दिवशी शाखेत फोन. सुजाता. आवाज रडवेला.

"मॅडम, सगळं संपलं. कोणीतरी बाई घरी येऊन गेली, स्थळ घेऊन. बाबा इतके खूश आहेत की विचारू नका. म्हणतात, अशी माणसं पुन्हा मिळायची नाहीत. ठेव मोडून लग्नाच्या तयारीला लागायचं म्हणतायत. रविवारी मुलगा बघायला जाणार आहेत. त्या बाईचं नाव पण गायकवाडच आहे. आणि मॅडम, विअर्ड म्हणजे, तिने म्हणे लाइटबिल…"

ती थांबली.

"मॅडम… तुम्ही?"

"सुजाता, मी एक अक्षर बोलले नाही गं!"

पलीकडून जो आवाज आला, तो हसण्याचा की रडण्याचा, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हटलं, तुझ्या बाबांना मी सगळं सांगून टाकते, नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे. तर म्हणाली, "नको. तुम्ही शब्द दिलाय ना, तो पाळा. बाकी माझ्यावर सोडा." तेवीस-चोवीसची पोर ती, पायाखालची जमीन माझ्यामुळे सरकलेली, आणि धीर मलाच देत होती!

रविवार उजाडला. नवऱ्याला मी काही सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? गुप्तता! बेल वाजली आणि दार नेमकं त्यानेच उघडलं. दारात सुजाताचे वडील किसन साळवे, धुवट पांढरा शर्ट, डोक्यावर नवी टोपी, ओझी उचलून रुंद झालेले खांदे, हातात पेढ्यांचा पुडा. मागे आत्या, तिच्यामागे सुजाता.

"जय भीम, दादा. मुलगा हाय ना घरी?" आत्याने विचारलं.

"कुणाचा?" आमचे हे.

"तुमचा!"

यांनी माझ्याकडे वळून जे बघितलं ना! संसाराला इतकी वर्षं झाली, आणि आपल्याला एक मुलगा आहे हे बायकोने आजवर सांगितलं कसं नाही, असा चेहरा. म्हणाले, "आम्हाला एकच मुलगी आहे. चौथीत."

मी म्हटलं, "पाणी आणू का?"

"पाणी राहू द्या!" आत्या उसळली. "मुलगाच न्हाय, तर आमच्या घरात कशाला आला होता? पोरीचं सगळं इचारलं, घर बघितलं, बिल बघितलं! अख्ख्या वस्तीनं बघितलंय. आता आमच्या पोरीला लोक काय म्हणतील?"

"सरबत करू का?" मी म्हटलं.

किसनरावांनी पुडा अलगद टीपॉयवर ठेवला. कान लाल झाले होते. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, आमची थट्टा करायला आला होता का?"

काय सांगू, त्या एका वाक्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस टोपी काढून हातात घेऊन बसला होता. सगळं सांगून टाकायला मी तोंड उघडलंसुद्धा. पण सुजाता आधी उठली.

"बाबा, त्यांची काही चूक नाही. त्या माझ्या लग्नासाठी आल्याच नव्हत्या. मी मांजरीला घर घेतेय. त्याच्या कर्जाची चौकशी करायला आल्या होत्या. तुम्हाला सांगू नका, असं मीच म्हटलं होतं, म्हणून बोलता येत नव्हतं त्यांना."

"घर?"

"दोन खोल्या आणि गॅलरी. वरून गळत नाही. लिफ्ट आहे, तुमचे गुडघे दुखणार नाहीत."

आत्या म्हणाली, "आणि लगीन?"

"करीन की, आत्या. कोण नाही म्हणतंय? पण सासरी गेलेल्या मुलीला माहेर लागतं. आपलं माहेर दर पावसात गळतं आणि मालक म्हणेल तेव्हा खाली करावं लागेल. आधी मला माहेर घेऊ दे. मग सासर बघा तुम्ही, हवं तेवढं."

मी आजवर शेकडो लोकांना विचारलंय, घर कशासाठी घेताय? कुणी म्हणतं गुंतवणूक, कुणी म्हणतं टॅक्स वाचतो. असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. आमचे हे, ज्यांना कशाचाच पत्ता नव्हता, तेसुद्धा नाक पुसायला आत गेले.

किसनरावांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग मला विचारलं, "कर्ज किती वर्षांचं, ताई?"

मी सुजाताकडे बघितलं. तिने मान हलवली, म्हणजे परवानगी मिळाली. तेव्हा म्हटलं, "वीस वर्षांचं."

"वीस वर्षं. म्हंजे सोयरीकच झाली की. आणि चौकशी काय एकाच बाजूनं करायची? तुम्ही आमची केली. आता आम्ही तुमची करणार. बिल्डरची, तुमच्या कंपनीची, तुमची पण. मन भरलं तर ठेव मोडायला सही करीन. न्हाय भरलं तर न्हाय."

"बाबा!" सुजाता कासावीस झाली.

"गप. तुला नाही म्हणलो का मी? घर तर घ्यायचंच. पण कुणाच्याही हाती पोरीची वीस वर्षं देणार न्हाय."

मी मनातल्या मनात त्या माणसाला हात जोडले. मुंबईच्या वकिलांनी आम्हाला कंपनीचं नुकसान कसं टाळायचं ते शिकवलं होतं. कर्ज घेणाऱ्या पोरीच्या बाजूने इतका विचार करणारं त्या हॉलमध्ये कुणी नव्हतं, मीसुद्धा नाही. बाप लेकीला साजेसा होता, आणि लेक बापाला.

तो आठवडा मी कसा काढला, माझं मला माहीत. कर्ज द्यायचं की नाही ते आजवर मी ठरवत आले होते. आता मला कुणीतरी पास-नापास करणार होतं! शेवटी एका दुपारी किसनराव सुजाताला घेऊन शाखेत आले. खुर्चीत बसले, माझ्या नावाची पाटी अक्षर लावून वाचली.

"मांजरीला जाऊन आलो. बिल्डरनं आधी बांधलेल्या घरांत माणसं सुखानं राहत्यात. कंपनी बी बरी म्हणतात लोक."

"आणि मी?" मी पाटी पदराने पुसत विचारलं.

"तुमच्या सोसायटीत दोन-तीनदा जाऊन आलो. खालच्या मजल्यावरच्या आजी, दूधवाला, सेक्रेटरीसाहेब, सगळ्यांना इचारलं. माणूस कसा हाय, शब्दाला पक्का हाय का, कुणाला बुडवणार तर न्हाय ना, घर सोडून पळून जायच्यातले तर न्हाईत ना. चांगलं बोलले सगळे. करतो सही."

सुजाताने तिथेच वडिलांच्या पायांना हात लावला आणि आमच्या शाखेतल्या लोकांनी फायलींतून माना वर काढून टाळ्या वाजवल्या. मी तर हवेत! संध्याकाळी घरी निघाले ती तरंगतच.

सोसायटीच्या जिन्यात सेक्रेटरी भेटले. खाकरले. इकडेतिकडे बघितलं.

"गायकवाड बाई, जरा बोलायचं होतं. या आठवड्यात एक गृहस्थ आपली चौकशी करून गेले. धिप्पाड होते. आपण पळून जाल का, असं विचारत होते."

"पळून?" मी विचारलं.

"आम्ही चांगलंच सांगितलं, काळजी नसावी. पण वसुलीची माणसं घरापर्यंत यायला लागली म्हणजे प्रकरण बरंच पुढे गेलेलं दिसतंय. कर्ज देणाऱ्यांनीच बुडवायला सुरुवात केली, म्हणजे आमच्यासारख्यांनी शिकायचं कुणाकडून? असो. कमिटीने ठरवलंय, आपण मेंटेनन्स दोन महिने उशिरा भरलात तरी चालेल. आजींनी तर आपल्यासाठी डबा पाठवायची तयारी दाखवली आहे."

"अहो, तसं नाही! ते गृहस्थ…"

"कोण होते?"

आता सांगा. कोण होते म्हणून सांगू? कुणाचे वडील? कशासाठी आले होते?

मी हात जोडले. "कमिटीची आभारी आहे," म्हटलं, आणि आजींकडे डबा घ्यायला गेले.